खाडी, तिथी आणि पुळण : किनाऱ्याने पायी जायची आखणी (अनुभव धागा)

किनारवाट :
कोकणच्या किनाऱ्याने सलग आठ-दहा दिवस पायी जायचे तर आखणी कशी करायची, हा प्रश्न दिवाळी सरली की हमखास येतो. बहुतेकांची सुरुवात नकाशावर बोट ठेवून होते. इथून तिथे वीस किलोमीटर, म्हणजे एक दिवस. हे गणित पहिल्याच खाडीत बुडते. किनाऱ्यावर अंतर शेवटी मोजायचे. त्याआधी खाड्या मोजायच्या, मग तर (खाडी ओलांडायची होडी) कुठे आहे ते बघायचे आणि मग पंचांग उघडायचे.

ज्यांच्या पायाखालून हा किनारा गेला आहे त्यांनी इथे लिहावे. प्रवासवर्णन नको, सूर्यास्त नकोत, ग्रुपने काय धमाल केली तेही नको. वेळा, वजने, कुठे अडते आणि का अडते, एवढेच लिहा. शाळेच्या पुस्तकातला ७२० किलोमीटरचा किनारा एका दमात चालणारे थोडे. बाकीच्यांनी खाड्यांवर तुकडे पाडावेत : मांडवा ते बाणकोट, बाणकोट ते जयगड, जयगड ते विजयदुर्ग आणि विजयदुर्ग ते तेरेखोल. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एसटी मिळते, म्हणून हेच तुकडे.

तिथीवाला :
आधी भरती-ओहोटी, कारण बाकी सगळे तिच्यावर टांगलेले आहे.

जुने सूत्र : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी ३ आणि पहाटे ३ च्या सुमारास भरती. त्याच्या सहा तास दहा-बारा मिनिटे आधी नि नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी ९ च्या जरा आधी. पौर्णिमा उलटली की कृष्ण प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. कालनिर्णय भिंतीवर असेल तर बसल्या जागी पंधरा दिवसांचा तक्ता तयार होतो.

सूत्राची खोडही माहीत असू द्या. पौर्णिमेला ते सव्वाअकरा सांगते आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही. भरती रोज सरासरी ४८ ते ५० मिनिटे पुढे सरकते, सूत्र ४५ धरते. रोजची ही तूट साठत जाते आणि पंधरवडा संपताना एकदम भरून निघते. शिवाय ही सरक सारखी नसते : उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत कमी, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत कधी तासाहून जास्त. गोव्याकडे भरती थोडी लवकर येते, मुंबईकडे थोडी उशिरा. तेव्हा सूत्र दिवस निवडायला वापरा. नेमकी वेळ घ्यायची ती जवळच्या बंदराच्या छापील तक्त्यातून, नाहीतर गावातल्या कोळ्याकडून.

आता दिवस कुठले निवडायचे ते. 'पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी जास्त, मग तेव्हाच चाला' हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा. त्या दिवशी ओहोटी सकाळी सहाच्या आसपास असते आणि जानेवारीत रत्नागिरीकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. सगळ्यात चांगली कडक वाळू अंधारात वाया जाते. चालायला सोयीची ती द्वितीया ते षष्ठी. या पाच दिवसांत ओहोटी साडेसातपासून सरकत साडेदहापर्यंत येते. ओहोटीच्या दोन तास आधी निघालात की चार तास ओली, घट्ट पुळण (किनाऱ्याची वाळू) पायाखाली मिळते आणि ऊन चढायच्या आत दिवसाचा मोठा भाग उरकतो. सप्तमी, अष्टमी, नवमी हे भांगाचे दिवस : ओहोटी ऐन दुपारी, पाणीही फारसे मागे हटत नाही, समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकांखालची वाट उघडतच नाही. ते दिवस विश्रांतीला, किल्ला बघायला किंवा सड्यावरून (वरच्या कातळी पठारावरून) जायच्या टप्प्याला ठेवा. द्वादशीपासून गाडी परत रुळावर येते, फक्त आता चाल दुपारनंतरची : द्वादशी-त्रयोदशीला ओहोटी साडेतीन-चारला, म्हणजे दोन ते सहा चालायचे.

दहा दिवसांची चाल शुद्ध किंवा वद्य द्वितीयेला सुरू केली तर पाच दिवस सकाळचे, दोन-तीन दिवस सड्याचे आणि उरलेले दुपारनंतरचे असे बसतात. सुट्टीचा अर्ज टाकायच्या आधी हा हिशेब करावा. अर्ज मंजूर झाल्यावर तिथी बदलून मिळत नाही.

खाडीपार :
तिथीवाल्यांना जोड. ओहोटी किती वाजता, याइतकेच पाणी कोणत्या वेगाने परत येते तेही महत्त्वाचे. भरती-ओहोटीतल्या फरकाचे बारा भाग करा. वळल्यावर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ३ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी २५ सेंटिमीटर चढते आणि तिसऱ्या तासात ७५. पहिल्या तासात 'काही होत नाही हो' वाटते ते यामुळेच. टोकाला वळसा घालताना माणसे अडकतात ती बहुधा तिसऱ्या तासात.

म्हणून टोकाखालून जायचा नियम असा : ओहोटीच्या दीड-दोन तास आधी शिरायचे. नेमक्या ओहोटीच्या क्षणी निम्म्याच्या पुढे नसाल तर मागे फिरायचे, कितीही जवळ दिसत असले तरी. पलीकडची पुळण दिसते आहे आणि मध्ये फक्त एक घळ आहे, ही स्थिती सर्वांत वाईट. घळीत लाट आत शिरते तेव्हा दोन्ही बाजूंनी उसळते. हेदवीची बामणघळ वरून बघा म्हणजे कल्पना येईल. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्गही ओहोटीतच करायचा. तिथे माणसे वाहून गेली आहेत, पाटी उगाच लावलेली नाही.

ओहोळ-पऱ्ह्यांबद्दल. पुळणीला आडवा येणारा प्रवाह आतल्या बाजूला अरुंद दिसतो म्हणून तिथून ओलांडायचा मोह होतो. तिथे तो खोल असतो, तळाशी चिखल असतो आणि कालवांच्या कपऱ्या पाय कापतात. समुद्राच्या तोंडाशी तो पसरट होतो, तळ वाळूचा असतो. तिथूनच ओलांडायचा, ओहोटीच्या शेवटच्या तासात. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकत. पाणी गुडघ्याच्या वर गेले तर परत. पाय उचलून टाकू नका, घासत सरकवा. उथळ वाळूत पाखट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) पडलेली असते आणि घासत जाणाऱ्या पायाला ती स्वतःच बाजू देते. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि गाडी करून दवाखाना गाठायचा.

मोठ्या खाड्या मात्र चालत ओलांडायच्या नाहीत, मासेमार ओलांडताना दिसले तरीही. त्यांना आजची वाळू माहीत असते, तुम्हाला गेल्या वर्षीचा फोटो. उत्तरेकडून क्रम असा : रेवदंड्याला साळावचा पूल. राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी जंगल जेट्टी (गाड्या नेणारी फेरीबोट). सावित्रीवर बागमांडला ते वेसवी. आंजर्ल्याची खाडी पुलाने. वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे. शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. त्यापुढे रत्नागिरी ओलांडल्यावर भाट्ये आणि पूर्णगड दोन्हीकडे पूल. जंगल जेट्टी गाड्यांसाठी असली तरी पायी माणसाला घेतातच. तिकीट किरकोळ असते, सुटे ठेवा. फेऱ्यांमधले अंतर मात्र गृहीत धरू नका. बोट दुरुस्तीला काढली की एकाच बोटीवर काम चालते आणि पावसाळ्यात वेळापत्रकाला अर्थ उरत नाही. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरातून फोन करून 'सकाळची पहिली किती वाजता' एवढे विचारून घ्यावे.

सुरूबन :
दिशा : उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. हिवाळ्यात दुपारनंतरचा खारा वारा वायव्येचा असतो, तो पाठीवर राहतो. उलट चाललात तर रोज तीन तास वाळू तोंडावर. तोटा एकच : दुपारचे ऊन समोर आणि संध्याकाळचे उजव्या अंगावर. उजवा कान, मानेची उजवी बाजू आणि उजवी पोटरी भाजते, खालून पाण्याची तिरीप लागते ती वेगळीच. कानाला मलम लावायचे कुणाच्या लक्षात राहत नाही. टोपीपेक्षा सुती पंचा बरा, डोक्यावरून घेऊन उजव्या बाजूला मोकळा सोडायचा.

पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणून दक्षिणेकडे जाताना उजवा पाय कायम खाली पडतो. दोन दिवसांत कंबर बोलायला लागते. ओल्या सपाट पट्ट्यावर राहणे हाच उपाय. तो पट्टा नसेल तर मुकाट्याने रस्ता धरा.

आगरवाडी :
दिवेआगर ते जयगड हा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात समजूतदार तुकडा. गावे जवळजवळ, तीन जंगल जेट्ट्यांपैकी एकही चुकवता येत नाही आणि पुळण, कातळ, सडा तिन्ही भेटतात. अकरा टप्पे धरावेत.

पहिला दिवेआगर ते श्रीवर्धन. गावची पुळण संपली की भरडखोल, शेखाडी, कोंडविली, आरावी असा रस्ता समुद्राला बिलगून जातो. खालून जायचा हट्ट नको, दगडगोट्यांत पाय मुरगळतो. दुसरा श्रीवर्धन ते हरिहरेश्वर, मध्ये डोंगर, किनारा सोडावाच लागतो. तिसरा जाणूनबुजून छोटा ठेवा : हरिहरेश्वर, बागमांडला, तरीने पलीकडे, बाणकोटचा किल्ला आणि मुक्काम वेळासला. तिसऱ्या दिवशी पाय सगळ्यात जास्त कुरकुरतात आणि तरीवर किती थांबावे लागेल ते आपल्या हातात नसते. चौथा वेळास ते केळशी, चढउताराचा. साखरीच्या बाजूने उतरताना भारजा नदीची खाडी आडवी येते. ती कुठून ओलांडायची ते वेळासमध्येच विचारून निघा.

केळशी ते आंजर्ले हा पाचवा. उटंबरच्या डोंगराला वळसा घालून आडे, मग पाडले, मग आंजर्ले. उटंबरचे टोक खालून करता येते असे सांगणारे भेटतील. सॅक पाठीवर असताना करू नये. कातळावर कोरडी पांढरट कालवे असतील तिथे पाय धरतो, काळपट-हिरवे शेवाळ असेल तिथे सटकतो आणि त्या टोकाला दुसरेच जास्त. आडे ते आंजर्ले मात्र ओहोटीतच चाला, रस्त्याने गेलात तर या तुकड्यातले उत्तम चालणे हुकेल.

सहावा आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे. मुरूड-कर्द्याची पुळण इतकी कडक की लोक तिच्यावर गाड्या घालतात. शनिवार-रविवारी तिथे चालणे म्हणजे रहदारीतून चालणे, म्हणून हा टप्पा आठवड्यातल्या मधल्या दिवशी आणा. सातवा कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. आठवा कोळथरे ते दाभोळ, यात सावली कमी आणि चढ जास्त. दाभोळला संध्याकाळी तरीने धोपावे गाठता आले तर गाठा, म्हणजे नववा दिवस सकाळी लवकर सुरू होतो.

धोपावे ते गुहागर नकाशावर किनारी दिसते, पण अंजनवेलच्या भागात वीज प्रकल्प आणि त्याचे कुंपण आहे. तिथे किनारा विसरायचा. कुंपणाच्या कडेने वाट शोधत बसलात तर सुरक्षारक्षक परत पाठवतील, त्यांचेही चूक नाही. रस्त्याने गुहागर. दहावा असगोली, पालशेत, वेळणेश्वर. अकरावा हेदवी, नरवण, रोहिले, तवसाळ आणि पलीकडे जयगड. हा मोठा दिवस आहे. दमलात तर हेदवीला मोडून दोन करा. जयगडलाही बंदराचे कुंपण आहे, तेव्हा पुढे मालगुंड-गणपतीपुळ्याकडे जायचे असेल तर सुरुवातीचा भाग डांबरीच.

रोजचे अंतर : पुळणीवर १५ ते १८ किलोमीटर पुरे. डांबरीवर ताशी साडेचार-पाच होतात, ओल्या पुळणीवर चार, कोरड्या भुसभुशीत वाळूत अडीच झाले तरी नशीब.

कातळसडा :
आगरवाडींनी सड्याचे ओझरते लिहिले आहे म्हणून भर घालतो. दाभोळच्या दक्षिणेला जांभ्याचे सडे थेट समुद्रावर येऊन तुटतात. खाली पाऊल ठेवायला जागा नाही, म्हणून वर चढायचे. वर झाड नाही, पाणी नाही. जांभा तापतो तो खालूनही भाजतो. फेब्रुवारीत दुपारी १२ ते ३ सड्यावर असाल अशी आखणी मुळातच चुकलेली. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढण्याआधी शेवटच्या घरात पाणी भरायचे : माणशी ३ लिटर अंगावर आणि वाटेत एकदा भरायची जागा ठरलेली. नुसते पाणी पीत राहिलात तर पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एका लिटरमध्येच घोळा, अर्ध्या बाटलीत अर्धी अंदाजाने टाकू नका. कोकम सरबत मिठासकट घ्या.

सड्यावर गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) वाटा फुटतात. सगळ्याच गावात जात नाहीत, काही नुसत्या आंब्याच्या कलमांत जाऊन संपतात. कलमांत हंगामात राखणदार असतो. हाक मारून विचारा, गडगा ओलांडून आत शिरू नका.

पायताण :
बुटांची बाजू घेऊन आधीच सांगतो, भांडायला या.

पट्ट्यांची सँडल पुळणीवर छान, पण वाळू पट्ट्याखाली जाते आणि चौथ्या दिवशी पट्ट्याच्या रेषेत कातडी सोलते. कातळावर बोटे उघडी. जाळीचे हलके पळायचे बूट, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, हाच मध्यममार्ग. पाणी आले तसे निघून जाते. मोजे तीन जोड : एक पायात, एक सॅकवर वाळत, एक फक्त झोपताना. मोजे गोड्या पाण्यातच धुवायचे. खाऱ्या पाण्यात खळबळलेला मोजा रात्रभर टांगला तरी सकाळी दमट लागतो, कारण मीठ हवेतली ओल ओढते. आणि तेच मीठ दुसऱ्या दिवशी सँडपेपरचे काम करते.

फोड फुटल्यावर लक्ष देऊन उपयोग नाही. टाचेला गरम लागले की त्याच जागी थांबा, वाळू झटका, कागदी चिकटपट्टी लावा. मांड्या घासतात तिथे निघायच्या आधी व्हॅसलीन. खोबरेल चालते, पण तासाभरात परत लावावे लागते. अर्धी चाल इथेच मोडते आणि लाजेने कुणी बोलत नाही.

सुरूबन :
बूट मान्य, पण ओहोळात? दर अर्ध्या तासाने काढ-घाल करणार? जुनी रबरी चप्पल सॅकला अडकवून ठेवावी, वजन पाव किलोही नाही.

पायताण :
रबरी चप्पल चिखलात रुतते आणि तिथेच राहते. बुटासकट ओलांडा. जाळीचे बूट त्याचसाठी सांगितले.

तळाशील :
सिंधुदुर्गात चाल सोपी, आखणी अवघड. पुळणी लांबच लांब, पण दोन ठिकाणी वाळूचा दांडा एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असा निमुळता होत जातो आणि संपतो.

पहिला तोंडवळी-तळाशीलचा. आचऱ्याकडून येताना चालत राहावेसे वाटते. शेवटी समोर सर्जेकोट दिसते आणि मध्ये गड नदीचे तोंड. होडी ठरलेली नसेल तर आले त्याच वाटेने परत. दुसरा देवबागचा, कर्ली नदीच्या मुखाशी. पलीकडे भोगवे हाकेच्या अंतरावर. इथे होड्या भरपूर, पण त्या डॉल्फिन-संगम-त्सुनामी बेटाची फेरी मारणाऱ्या. 'नुसते पलीकडे सोडा' म्हटले की पूर्ण फेरीचा भाव सांगतात. त्यांचेही बरोबर आहे, एका फेरीची वेळ जाते. उपाय असा : तारकर्ली-देवबागला ज्यांच्याकडे राहाल त्यांना आदल्या रात्री सांगा. पर्यटक नऊनंतर येतात, सकाळी सातला होडी रिकामीच असते. उतरायचे कुठे ते आधी ठरवा, कारण ओहोटीत भोगव्याच्या बाजूला होडी कडेला लागत नाही आणि कमरेएवढ्या पाण्यात सॅक डोक्यावर घेऊन उतरावे लागते. लाटा जास्त असतील तर नाखवा मुखातून न नेता आतून नेईल. त्याच्याशी वाद घालू नका.

सर्जेकोटहून कोळंबच्या पुलावरून मालवण. भोगव्यापुढे निवती, खवणे, केळूस, वायंगणी, वेंगुर्ले. मध्ये डोंगराच्या सोंडा आहेत, प्रत्येक सोंडेला पाऊण-एक तास जास्त धरा. वेंगुर्ल्यापुढे मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी. शेवटी तेरेखोलला गोव्याची फेरीबोट पलीकडे केरीला सोडते, पायी माणसाला तिकीट नाही. चाल तिथे संपवायची असेल तरी बोटीने पलीकडे जाऊन या, परतीच्या गाड्या केरीकडून बऱ्या.

माजघर :
मुक्कामाचे. किनाऱ्यावरच्या गावांत घरगुती सोय आता जवळपास सगळीकडे आहे, पण तिला हॉटेल समजू नका. जेवण माणसे मोजून होते. दुपारी बारापर्यंत 'रात्री आम्ही चौघे, दोन शाकाहारी' असे कळवले नाही, तर रात्री आठला पोहोचल्यावर बाईंना परत भात टाकायला लागतो. सकाळी सहाला निघायचे असेल तर चहा आणि घावन किंवा आंबोळी बांधून हवी, हे रात्री जेवतानाच सांगायचे. पैसेही रात्रीच चुकते करा. सकाळी यूपीआय फिरत राहते आणि ओहोटी थांबत नाही. खाली पुळणीलगतच्या वाड्यांत रेंज जाते. माणशी तीन दिवसांचे रोख जवळ हवे, त्यात दहा-वीसच्या नोटा.

टाळायचे दिवस : २४ डिसेंबर ते २ जानेवारी पूर्ण. अंगारकीच्या आगेमागे गणपतीपुळे. महाशिवरात्रीला कुणकेश्वर. आंगणेवाडीच्या जत्रेला मालवण परिसर, आणि तिची तारीख कौल लावून ठरते, तेव्हा चौकशी करूनच खोल्या धरा. शिमग्यात मुंबईकर गावी आलेले असतात, घरे भरलेली आणि पालखी दारात. तेव्हा पाहुणा म्हणून जा, सॅक घेऊन नको.

बायकांसाठी दोन ओळी. पुळणीवर आडोसा नसतो, सुरूच्या बनात असतो, पण तिथे पार्ट्यांच्या बाटल्यांच्या काचा असतात. दर दोन-अडीच तासांनी गाव येईल अशी आखणी करा, कुणाच्याही दारात विचारले तर नाही म्हणत नाहीत. पाणी कमी प्यायचा उपाय अजिबात करू नका. पाळीच्या दिवसांत ओल्या कपड्यांत सलग चालणे टाळून सड्याचा किंवा विश्रांतीचा दिवस तिथे बसवा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, दोन पिशव्यांत घालून शहराच्या कचऱ्यापर्यंत न्यायचे. गावात कचरा पुळणीलगत जाळतात किंवा टाकतात, फिरून समुद्रातच जातो.

किनारवाट :
पुळणीवर तंबू लावावा का असे तिघांनी विचारले आहे, एकदमच लिहितो. पुळणीवर तंबू नको. एक तर रात्रीची भरती : वाळलेले शेवाळ आणि काटक्यांची जी ओळ दिसते ती कालच्या भरतीची असते, उद्याची उधाणाकडे जात असेल तर तिच्या वर येते. दुसरे, नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर, तांबळडेग, वायंगणी ही सगळी त्यांचीच गावे. पांढऱ्या टॉर्चने मादी परत फिरते आणि पिल्ले उजेडाकडे, म्हणजे उलट दिशेला, धावतात. पहाटे अंधारात निघावेच लागले तर टॉर्चला लाल कागद लावा आणि कुंपण केलेल्या जागेपासून लांबून जा. ताजी माग दिसली तर पुसू नका, घरटे शोधणारे तिच्यावरूनच शोधतात.

तांडेल :
सामानाचे थोडक्यात, कारण याद्या सगळ्यांकडे असतात आणि ओझेही सगळ्यांकडेच होते. पाण्याशिवाय सॅक ६ किलोच्या आत. घरी काट्यावर चढवा. ७ च्या वर गेली तर बहुतेक वेळा कपडे काढावे लागतात, औषधे नाही. रेनकव्हर खालून उघडे असते, होडीत तळाशी साचलेले पाणी तिथूनच शिरते. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी घालून सगळे तिच्यात भरा, तोंड पिळून बांधा. फोन वेगळ्या बंद पिशवीत. आधारकार्ड सोबत ठेवा. किनाऱ्यावर अनोळखी माणसांची चौकशी होते, सागरी पोलिसांनी विचारले तर मार्ग आणि मुक्काम सांगून मोकळे व्हा.

नकाशा घरूनच उतरवून घ्या. उपग्रहाचे चित्र बघताना ते कधीचे आहे ते तपासा. पावसाळ्याआधीच्या चित्रात दिसणारा वाळूचा दांडा पावसाळ्यानंतर दोनशे पावले सरकलेला असू शकतो. फोनवरचा पायी मार्ग तुम्हाला सरळ डांबरीवर नेतो आणि पाखाड्या त्याला ठाऊक नसतात. लाटांचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राकडून येतो, निघायच्या आदल्या रात्री बघायचा. आकाश निरभ्र असतानाही लांबच्या वादळाच्या मोठ्या लाटा येतात, तेव्हा त्या दिवशी टोके खालून करायची नाहीत, तक्ता काहीही सांगो. संकटात ११२, समुद्रात कुणी अडकले असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. पण आधी हाक मारायची ती जवळच्या बंदरात. होडी तिथूनच सगळ्यात लवकर निघते.

कुत्री : मासे उतरवतात त्या जागी टोळीने असतात. काठी दाखवू नका, जमिनीला टेकवून चालत राहा. चावलेच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस.

नवखा :
मध्येच एकाला सोडून द्यावे लागले, पाय मुरगळला वगैरे, तर कुठून परत फिरवायचे? प्रत्येक गावातून गाडी मिळते का?

तांडेल :
मिळते, पण तुम्हाला हवी तेव्हा नाही. बऱ्याच किनारी गावांत रात्री मुक्कामी एसटी येते आणि पहाटे तालुक्याला निघते. ती चुकली की पुढची दुपारी. म्हणून रोजच्या टप्प्याच्या कागदावर तीन गोष्टी लिहा : मुक्कामाच्या गावची पहाटेची एसटी, मधल्या एका गावातल्या रिक्षावाल्याचा नंबर (आदल्या मुक्कामाचे यजमान देतात) आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय. दिवेआगर ते जयगड तुकड्यात परतीची ठाणी श्रीवर्धन, दापोली आणि गुहागर. खेड आणि चिपळूणला रेल्वे. दुखावलेल्याला तरीच्या अलीकडेच ठेवायचे की पलीकडे न्यायचे ते एसटी कोणत्या बाजूला जवळ आहे त्यावर ठरवा. बाणकोटच्या बाजूने दापोली-खेड गाठायला वेळ लागतो, पण रेल्वे मिळते. बागमांडल्याच्या बाजूने श्रीवर्धन जवळ, मुंबईची गाडी थेट.